दात घासायचे, पण हसतखेळत

रात्रीची जेवणे आटोपतात, भांडी घासून होतात आणि लहान मुले असलेल्या घरात एक छोटी लढाई जुंपते. आई ब्रश घेऊन मागे आणि तीन वर्षांचे पोर पुढे! धरले तर ते तोंड घट्ट मिटून घेते, रागावले तर भोकाड पसरते. दिवसभर शेतात निंदणी करून दमलेली आई शेवटी म्हणते, "जाऊ दे, दुधाचेच तर दात आहेत. उद्या पडणारच आहेत." आणि मूल तसेच झोपी जाते.

"उद्या पडणारच आहेत" हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि मुलांच्या दातांचे जितके नुकसान या वाक्याने होते तितके गोळ्या-चॉकलेटांनीही होत नसेल. म्हणून आधी या समजुतीचा विचार करू. मग लढाई न करता दात कसे घासून घ्यावेत, ते पाहू.

दुधाचे दात का जपायचे?

बाळाचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात येऊन पुरे होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ मुलाला पुढे सात-आठ वर्षे वागवायची असते. एवढ्या काळात मूल त्याच दाढांवर जेवते, वाढते, शाळेत जाते.

दाढ दुखणारे मूल "दाढ दुखते" असे सांगतेच असे नाही. ते एका बाजूने चावते, भाकरी बाजूला सारते, सगळे दुधात कालवून मागते, रात्री उठून रडते. आईला वाटते, पोर हट्टी झाले आहे. खरे पाहता ते उपाशी असते आणि त्याची झोप झालेली नसते. अशा मुलाचे वजन वाढत नाही आणि अभ्यासातही लक्ष लागत नाही.

दुसरे कारण शेतकऱ्याला चटकन पटेल. हद्दीचा दगड उखडला गेला, की शेजारचे शेत हळूहळू आत सरकते. दुधाचा दात हा असाच हद्दीचा दगड आहे. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तो राखून ठेवतो. किडीमुळे तो वेळेआधी काढावा लागला, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मग पक्क्या दाताला वाट उरत नाही आणि तो वेडावाकडा येतो.

तिसरी गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे, दुधाच्या दाढांच्याही पाठीमागे, चार नव्या दाढा येतात. त्या येण्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून पालक त्यांनाही दुधाच्याच समजतात. त्या पक्क्या दाढा असतात आणि जन्मभर पुरवायच्या असतात. सहाव्या वर्षी ब्रशची सवय नसेल, तर या दाढा उगवतात तशाच किडू लागतात. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत" ही म्हण आपण म्हातारपणासाठी वापरतो. पण तिची सुरुवात सहाव्या वर्षीच होते.

कीड म्हणजे अळी नव्हे

दाताला कीड लागते म्हणजे कपाशीच्या बोंडात अळी शिरते तशी अळी शिरते, असा समज अजूनही आहे. दातात अळी नसते. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. आपण साखर, गूळ, बिस्किट, चिक्की असे काही खाल्ले की हे जंतू त्याचे आम्ल बनवतात, आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण झिजवते. लाळ हे आम्ल धुऊन काढते. पण त्याला साधारण अर्धा तास लागतो. मूल तासातासाला काही गोड चघळत राहिले, तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे. गूळ साखरेपेक्षा बरा असे आपण म्हणतो; दाताच्या बाबतीत दोन्ही सारखेच. चहात बुडवलेले बिस्किट आणि गोळपापडी दाढेच्या खाचेत चिकटून बसतात, हेही ध्यानात ठेवावे.

झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणजे रात्री राखण करणारा राखणदारच झोपलेला असतो. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे सर्वांत महत्त्वाचे. सकाळी उठून तोंड धुण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. रात्रीची मात्र पुष्कळ घरांत नाही. हीच रीत नव्याने लावायची आहे. बाळाच्या तोंडात गोड दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवणे तर कटाक्षाने टाळावे. वरचे पुढचे दात सर्वांत आधी किडतात ते याच सवयीमुळे.

अंगणातील शिकवण

आता मूळ प्रश्न. मुलाला धरून, दटावून दात घासता येणार नाहीत का? एखाद्या दिवशी येतील. पण हे काम वर्षातून तीनशे पासष्ट रात्री करायचे आहे. भीतीने उघडलेले तोंड दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट मिटते.

मुलांना स्वच्छता कशी लावावी याचा धडा आपल्याच भागातील दोन भगिनींनी घालून दिला आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाड्यांवरची गरीब मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. "अंगणवाडी" हा शब्द त्यातूनच आला. तेथे मुलांची अंघोळ, नखे, केस ही कामे गाणी, गोष्टी आणि खेळ यांच्या सोबतीने चालत. स्वच्छता ही शिक्षा नव्हती. ती खेळाच्या दिवसाचाच एक भाग होती. इटलीच्या मारिया माँटेसोरी यांचेही हेच सांगणे होते. हात धुणे, बटण लावणे, पाणी ओतणे ही कामे मोठ्यांना कटकटीची वाटतात, पण लहान मूल ती आनंदाने करते. त्याला फक्त ती स्वतः करू द्यावी लागतात.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. गुजरातमध्ये तिचा पहिला प्रयोग त्या वेळच्या वडोदरा जिल्ह्यातील छोटाउदेपूर येथेच झाला. आज गावोगावी अंगणवाडी आहे. ताराबाईंचे ते जुने तत्त्व आपल्या घरच्या अंगणात, रात्रीच्या ब्रशलाही लावता येईल.

खोक्यातील खेळणे आणि हातातील खेळ

ज्यांचे बालपण १९७०च्या दशकात गेले त्यांना बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी आठवत असतील. हत्ती, हरिण, पक्षी असा सगळा प्राणिसंग्रह मुले जमवीत आणि आपसात अदलाबदल करीत. रेडिओवर बिनाका गीतमाला आणि खोक्यात प्राणी, यामुळे पेस्ट घरात आणण्याचा आग्रह मुलेच धरू लागली. मुलाला ओढून घेण्यासाठी खेळ किती कामाचा आहे हे त्या कंपनीने बरोबर ओळखले होते.

पण ते खेळणे नळी संपली की एकदाच मिळे. रोज रात्री ब्रश तोंडात जाईलच याची हमी त्यात नव्हती. म्हणून खेळ खोक्यात नव्हे, तर घासण्यात हवा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. पुढील युक्त्यांपैकी आपल्या मुलाला रुचेल ती निवडावी. एकीचा कंटाळा आला की दुसरी घ्यावी.

१. *चार वाफ्यांची खुरपणी.* मुलाला सांगावे, तुझ्या तोंडात चार वाफे आहेत: वर दोन, खाली दोन. प्रत्येक वाफ्यात तीन सऱ्या आहेत: बाहेरची, आतली आणि चावायची. "आता उजवीकडच्या वाफ्यातले तण काढू. अरे, येथे तर भात लपला आहे! येथे बटाट्याची भाजी!" जेवणात जे खाल्ले असेल ते शोधून काढण्यात मुलांना फार मौज वाटते. या खेळात एकही दात सुटत नाही, हा मोठा फायदा.

२. *डभोईची गाडी.* खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. तिला आरंभी इंजिन नव्हते. बैल ती ओढीत! ही गोष्ट मुलांना एकदा सांगा आणि मग ब्रशचा बैल करा. शेवटची दाढ म्हणजे डभोई, दुसऱ्या बाजूची शेवटची दाढ म्हणजे मियागाम. प्रत्येक दात हे एक स्टेशन. गाडी सावकाश चालते, कोठेही न थांबता पुढे जात नाही. घाईघाईने घासणाऱ्या मुलासाठी ही गाडी उत्तम.

३. *आधी माझे, मग तुझे.* मुलाच्या हाती दुसरा स्वच्छ ब्रश देऊन त्याला आई-बाबांचे दात घासू द्यावेत. नंतर पाळी बदलावी. ज्याने दुसऱ्याचे तोंड उघडायला लावले, ते स्वतःचे तोंडही उघडते.

४. *गाणे.* दोन मिनिटे घासावे असे दंतवैद्य सांगतात. मुलाला मिनिटे कळत नाहीत, गाणे कळते. घरात येते ते कोणतेही गाणे चालेल. नाहीतर हे चार चरण मुलाचे नाव घालून सावकाश म्हणावेत, प्रत्येक वाफ्याला दोन-तीनदा:

खालून वर, वरून खाली,
बैलांची गाडी दारात आली;
आतून बाहेर, बाहेरून आत,
चमचम करती बाळूचे दात.

५. *कॅलेंडरची खूण.* रात्री दात घासले की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला मुलानेच रंगीत खूण करावी. आठवडा भरला की बक्षीस द्यावे: खांद्यावर बसवून शेतावर फेरी, एक जादा गोष्ट, आजोबांबरोबर बैलांना चारा घालणे. बक्षीस म्हणून गोळी मात्र कधीही देऊ नये. एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटल्यासारखे ते होईल.

६. *निवड मुलाची.* "दात घासायचे का?" असे विचारले तर उत्तर "नाही" असेच येणार. "लाल ब्रश घेऊ की निळा? ओट्यावर घासू की अंगणात?" असे विचारावे. घासायचे हे ठरलेलेच. बाकीचे मुलाने ठरवावे.

एक सावधगिरी सर्व खेळांत पाळावी. ब्रश तोंडात धरून मुलाला पळू किंवा उड्या मारू देऊ नये. पडल्यास टाळूला किंवा घशाला गंभीर जखम होते. खेळ चालेल, पण एका जागी बसून.

हात मात्र मोठ्यांचाच

खेळ कितीही रंगला तरी सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या बोटांना दात नीट घासण्याचे वळण आलेले नसते. आधी मुलाने घासावे, मग मोठ्या माणसाने हात फिरवावा. लहान बाळाला मांडीवर डोके घेऊन निजवावे, म्हणजे वरचे दात नीट दिसतात. मोठ्या मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवावे. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा असावा. प्रत्येक मुलाचा ब्रश वेगळा असावा आणि केस फिसकटले की, साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा. दात येण्यापूर्वी हिरड्या स्वच्छ ओल्या फडक्याने पुसाव्यात, म्हणजे तोंडात बोट घालण्याची बाळाला सवय होते.

पेस्ट किती घ्यावी? जाहिरातीत ब्रशभर वेटोळे दाखवतात तेवढी मुळीच नव्हे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. पेस्ट फ्लोराइडची असावी. कीड रोखण्याचे काम फ्लोराइड करते. घासून झाल्यावर मुलाला थुंकायला शिकवावे. "कोण लांब थुंकतो?" हाही अंगणातला एक खेळच! मात्र त्यानंतर खळखळून चूळ भरू नये. दातावर राहिलेली थोडी पेस्ट रात्रभर काम करते.

थुंकण्याचा एवढा आग्रह आपल्या भागात का, तेही सांगितले पाहिजे. छोटाउदेपूरकडे आंबाडुंगरच्या डोंगरात फ्लोराइड असलेल्या दगडाचे मोठे साठे आहेत. गुजरातच्या अनेक जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडते. पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. असे पाणी पिणाऱ्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. ते डाग घासून जात नाहीत. राख, विटेची पूड, मीठ यांनी ते रगडू नयेत. आवरण झिजते, डाग मात्र राहतो. अशा गावात पाणी तपासून घ्यावे आणि लहान मुलाला किती पेस्ट द्यावी हे दंतवैद्याला विचारावे.

खाण तशी माती

मूल ऐकून कमी आणि पाहून जास्त शिकते. म्हणून सर्वांत सोपी युक्ती हीच, की रात्री सगळ्या घराने एकत्र दात घासावेत. आजीपासून धाकट्यापर्यंत सगळे अंगणात ओळीने बसले, तर मुलाला वेगळे बोलवावेच लागत नाही. स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल नावाच्या सरकारी कार्यक्रमात बालवाडीतील मुले रोज शिक्षिकेच्या देखरेखीखाली एकत्र दात घासतात. तेथे मुलांच्या दातांची कीड लक्षणीय कमी झाली. आपल्या अंगणवाडीतही जेवणानंतर हे करता येण्यासारखे आहे.

पण पाहून शिकण्याची दुसरी बाजूही आहे. आपल्या शेजारचे चरोतर म्हणजे तंबाखूचा मुलूख. त्यामुळे बजर किंवा छीकणी बोटावर घेऊन हिरड्यांना घासण्याची सवय इकडे पुष्कळ घरांत आहे. महाराष्ट्रात तीच मिश्री म्हणून चालते. दात घट्ट राहतात, ठणका थांबतो, असे सांगितले जाते. खरे म्हणजे तंबाखूमुळे दुखणे तेवढ्यापुरते बधिर होते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९९२ साली सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या डबीवर बंदी घालायला सरकार येणार नाही. आजीच्या मांडीवर बसलेली चार वर्षांची नात आजीचे बोट तोंडात जाताना रोज पाहते. एके दिवशी तीही डबीत बोट घालते, आणि तिच्या दृष्टीने तोही खेळच असतो. सवय लगेच सुटली नाही, तरी निदान मुलांसमोर घासू नये आणि डबी त्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

लिंबा-बाभळीचे दातण मोठ्यांनी करण्यास हरकत नाही. लहान मुलांना मात्र ते चावून मऊ करता येत नाही आणि दातांच्या आतल्या बाजूला पोचतही नाही. आजोबांनी दातण करावे आणि नातवाने शेजारी बसून ब्रश करावा, म्हणजे दोघांचेही काम होईल.

दंतवैद्याकडे केव्हा?

पहिल्या वाढदिवसाच्या आत-बाहेर एकदा दात दाखवून घ्यावेत. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण समजावी. त्या अवस्थेत ती रोखता येते. गाल सुजला आणि ताप आला, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुखऱ्या दाढेत तंबाखू भरू नये आणि गोळी कुटून हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील आणि सरकारी शाळांतील मुलांच्या तपासणीत दातही पाहिले जातात. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पुढील उपचारासाठी वडोदऱ्यात सयाजी हॉस्पिटल आहे आणि वाघोडिया तालुक्यात पिपरिया येथे दंतवैद्यक महाविद्यालय आहे.

या आठवड्यापासून

सगळे एकदम करण्याची गरज नाही. या आठवड्यात एवढेच करावे: प्रत्येक मुलाला स्वतःचा ब्रश, रात्रीच्या प्रार्थनेपूर्वीची पाच मिनिटे ठरलेली, आणि आई किंवा बाबांपैकी एक जण मुलाबरोबर स्वतःही दात घासणारा. प्रार्थनेला सगळे एकत्र बसतातच. त्याच्या आधी एकत्र ओट्यावर जाणे अवघड नाही. दात घासल्यावर पाण्याखेरीज काही खायचे-प्यायचे नाही, एवढा एकच नियम कडक ठेवावा. एखाद्या रात्री मूल दमून झोपलेच, तर ओढून उठवू नये. दुसऱ्या रात्री पुन्हा गाडी जुंपावी.

रोपाला पाणी घालताना आपण रोज फळ मोजत नाही. तरीही पाणी घालतो. मुलाचा ब्रश तसाच आहे.